बेरी

रबाळ्याच्या कंपनीत दुसऱ्या मजल्यावर
एक कपाट आहे, ज्यात कायम मे महिना असतो:
चाळीस अंश, आणि हवेत पंचाहत्तर टक्के ओल.
त्यात मी गोळ्या ठेवते आणि वाट बघते.
ह्याचाच पगार मिळतो मला.

तिसऱ्या महिन्यात सतरा नंबरची बॅच बाहेर काढली
तर उन्हातान्हात हुंदडून आलेल्या पोरांसारखी.
जाताना पांढरीशुभ्र होती,
आता जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदासारखी.
वेदवती म्हणाली, ट्यूबमुळे दिसत असेल गं.
खिडकीपाशी नेल्या.
ट्यूबचा दोष नव्हता.

गोळीत औषध असतं चिमूटभर,
बाकी दुधातली साखर,
जागा भरायला, आकार धरायला.
हिचा कुणाला त्रास नाही, असं सगळेच म्हणतात,
घरातल्या एखाद्या आत्याबद्दल म्हणावं तसं.
पण औषधाच्या टोकाला एक नायट्रोजन होता मोकळा,
आणि बंद बाटलीत, ओलसर उष्म्यात,
आम्ही सगळे घरी गेल्यावर
तिनं त्याचा हात धरला.

वहीत मी लिहिलं:
रंग फिकट तपकिरी. अमान्य.

ह्याच रंगासाठी बाबा रात्री जागायचे.
ठाण्याला खारकर आळीत, भाड्याच्या भट्टीवर,
खांद्यावर पंचा, हातात लांब उलथणं.
पांढरा खवा आजाऱ्याचा, म्हणायचे,
पेढ्याला रंग दुधातून चढला पाहिजे, बाटलीतून नाही.
कढईच्या कडेला धरलेलं खरवडून
पुन्हा आत, पुन्हा आत,
करपायच्या एक श्वास आधीपर्यंत.
लोणी कढवलं की तळाची बेरी
माझ्या तळहातावर. वर साखर.
दाताखाली करकर.

ह्या सगळ्याला एक नाव आहे, मला कॉलेजात कळलं,
कुणा फ्रेंच माणसाचं.
धावत येऊन बाबांना सांगितलं.
ते म्हणाले, ढवळलंय का त्यानं कधी?

गेल्या गुरुवारी वाशीहून त्यांचा रिपोर्ट आणला.
नऊ पूर्णांक चार.
डॉक्टर म्हणाले, ही कालची साखर नाही,
तीन महिन्यांची आहे,
रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसलेली,
आता पेशी मरेल तेव्हाच सुटेल.
तीन महिने. सदतीस अंश.
माझ्या कपाटापेक्षा तीनच अंश कमी,
आणि ओल तर भरपूर.

बाबांना मी जमेल तसं समजावलं.
त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं,
म्हणजे मी आतून खरपूस होतोय?
मंद आचेवर, मी म्हटलं.
बरं, म्हणाले. मंद आच चांगली.

शुक्रवारी वरून निरोप आला:
लॅक्टोज काढा, मॅनिटॉल घाला.
एवढ्यात भागलं.
पुढची बॅच पांढरी राहील.

काल ऐरोलीच्या घरी लोणी कढवलं.
बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले,
काही मागितलं नाही, नुसते उभे.
अर्धा चमचा बेरी त्यांच्या तळहातावर ठेवली.
साखरेचा डबा मी आधीच वर ठेवला होता,
तो त्यांनी पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं.
हात ट्यूबखाली धरला,
जरा तिरका केला,
अगदी मी गोळी बघते तसा,
आणि म्हणाले,
अजून मिनिटभर ठेवायला हवी होतीस.