शिंगाडा

दांडेकर पुलावर अडकले होते म्हणून
आनंदनगरला पोचेपर्यंत पात्रं वाटून झाली होती.
यज्ञेशला कुऱ्हाड, सबाला सावल्या आणि चोरखिसे,
हृषीला आगीचे गोळे, तेही दोन्ही हातांनी.
उरली होती ती बरं करणारी.
"तू घे ना, तुला जमेल," म्हणाले,
जसं लग्नात म्हणतात,
"तू जरा चपलांपाशी बसशील का?"

मी तिचं नाव हळदवंती ठेवलं. हसले सगळे.

पहिले सहा शनिवार मी चुकीचं खेळले.
यज्ञेशला खरचटलं की फुंकर,
सबा ठेचकाळली की फुंकर.
चौथ्या दालनापर्यंत माझी झोळी रिकामी
आणि खरी जखम तिथे वाट बघत बसलेली.
हृषी मेला त्या रात्री.
भडंगाची वाटी बाजूला सारून
त्यानं कोरा कागद ओढला, नवं पात्र लिहायला घेतलं,
माझ्याकडे न बघता.

मग शिकले.
रक्त येऊ द्यायचं. पडूसुद्धा द्यायचं.
पडलेल्याकडे लांबूनच एक शब्द टाकायचा,
इतकाच, की तो गुडघ्यावर येईल.
उभं राहायचं त्याचं त्यानं.

स्वतःची पाळी यायच्या आधी
बाकीच्या चारही ऐकायच्या, राक्षसाची धरून.
सबा ओठ चावते तेव्हा तिला पळायचं असतं
आणि ती ते कधीच मागणार नाही.
तिच्या मागचं दार मोकळं राहील असं उभं राहायचं.
"तू असं कर" म्हणायचं नाही.
पुण्यात हे सगळ्यात अवघड.

एका वेळी एकच मंत्र धरता येतो.
धरायचा म्हणजे
गॅसवर दूध आणि दारात कुरियरवाला, तसं.
बाण लागला की फासा टाकून दाखवावं लागतं,
अजून हातात आहे की उतू गेलं.
म्हणून मी खांबाआड असते. म्हणा भित्री.

माझा आवडता मंत्र साधाच आहे,
परीक्षेला निघताना तळहातावर दही ठेवतात, तेवढा.
ज्याला दिला त्यानं आपल्या वीस बाजूंच्या फाशासोबत
चार बाजूंचा एक चिमुकला टाकायचा, बेरीज करायची.
दिसतो अगदी शिंगाड्यासारखा.
अंधारात पायाखाली आला तर जीव जातो.
मी तिघांपुढे एकेक शिंगाडा मांडते,
मंडईतल्या बाईसारखी,
आणि ते विसरतात. दर वेळी.

काल खाणीत आंधळा अजगर होता.
पत्रिकांच्या खोक्याचा पडदा केलाय, त्याच्याआडून
रेवण म्हणाला, सतरा हवेत.
साडेअकरा वाजलेले. खालच्या परचुऱ्यांनी
छताला एकदा काठी मारून झालेली.
मला शेपटीचे दोन फटके बसले होते,
दोन्ही वेळा मंत्र सुटला नाही.
रेवणनं मान हलवली फक्त, बाकी कुणी बघत नव्हतं.

यज्ञेशचे झाले पंधरा.
त्यानं डोकं हातात घेतलं.
"शिंगाडा," मी म्हणाले.
"काय?"
"शिंगाडा टाक."

टाकला, तो उडून दिवाणाखाली गेला.
सबानं मोबाइलचा टॉर्च मारला, आम्ही चौघं पोटावर आडवे.
धूळ, केसांची क्लिप,
कुठल्याशा दिवाळीतला करंजीचा कोपरा,
आणि दोन.

दोनच.

मग जो आरडाओरडा झाला, यज्ञेशला उचलून वगैरे,
त्यात काठी पुन्हा वाजली ती फक्त मला ऐकू आली.

खाली तो वॉचमनला सांगत होता,
एका घावात कसं मुंडकं उडवलं.
जाधवराव मामा "अस्सं?" म्हणत होते, जांभई दाबत.
मी पर्समधले शिंगाडे मोजले. तीन. बरोबर.

पार्किंगमध्ये त्याची गाडी सुरू होईना.
प्लग काढून तो शर्टाला पुसत बसला.
मी स्कूटर वळवली
आणि हेडलाइट त्याच्या हातांवर
धरून ठेवला.