झिंको, भाग सव्वीस

फोनवरचा माणूस म्हणाला, तुम्हीच का ते,
चॅनेलच्या तळघरात रात्रपाळीला असायचे ते?
म्हटलं, हो, मीच.
आणि मनात म्हटलं, पन्नास वर्षांनी का होईना, सापडलो.

ईरी, पेनसिल्व्हेनिया. इथे सरोवरावरून
बर्फ आडवा येतो, वरून पडत नाही.
एकाहत्तर साली मी मिरजेहून आलो,
रेडिओ दुरुस्तीचं सर्टिफिकेट आणि दोन स्वेटर घेऊन,
आणि काम लागलं ते
एका जपानी पोराच्या तोंडात इंग्रजी बसवायचं.

झिंको त्याचं नाव. जस्ताचे पंख, गुडघ्यांत दिवे.
राक्षस आला की कानशील दाबून उडायचा.
मला तो आमच्या न्हाणीतल्या बादलीचा
लांबचा नातेवाईक वाटे.

आवाज लॉरेन पिझुटोचा.
दिवसा ती स्टेट स्ट्रीटवर बायकांचे हातमोजे विकायची,
संध्याकाळी सातला खोकल्याची गोळी गालात सारून
बारा वर्षांचा मुलगा व्हायची.
राक्षस, आजोबा, हवालदार, कुत्रा:
सगळे एकटा वॉल्ट ग्रबर, तोही अर्धा प्यायलेला.

ओठ मिटले की वाक्य संपलं पाहिजे, एवढाच नियम.
मी टेप मागे घ्यायचो, पुढे घ्यायचो.
हॉटेलात "वॉटर" मागून मागून घसा सुकला होता माझा;
चौथ्या भागात झिंको तहानतो, तेव्हा ऐकलं
की ते "वॉडर" असतं. दुसऱ्या दिवशी
ग्लास समोर आला. बर्फासकट.

सव्वीसाव्या भागात तो सूर्यात शिरतो.
जपानीत तो तिथे काय म्हणतो कोण जाणे.
कागदावर होतं: गुडबाय, अर्थ.
लॉरेन म्हणाली, मी नाही हे म्हणणार.
माझा भाचा बघतो हे, सात वर्षांचा आहे.
काचेपलीकडून विचारलं तिने,
तुमच्याकडे निघताना काय म्हणतात रे?
मी म्हटलं, जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात.
माणूस जाणार असतो, पण म्हणतो येतो.

पडद्यावर झिंको ठिपक्याएवढा झाला होता.
एवढ्या लांबून ओठ कुठले दिसायला?
नियम तिथे संपत होता.
तिने गोळी गिळली आणि म्हणाली,
आय'म कमिंग, देन.
वॉल्ट हसला नाही. कुत्राही करायचा विसरला.

तो भाग लागलाच नाही.
चौऱ्याहत्तरच्या मार्चात डेल ओस्ट्रॉम म्हणाला,
टेपा महाग झाल्यात, पूस. बोलिंगचे सामने घ्यायचेत.
पुसायचं यंत्र पोळपाटाएवढं, लोखंडी.
टेप त्यावर गोल गोल फिरवायची
आणि मग यंत्र बंद न करता
हळूहळू लांब न्यायची, हात पुरेल तेवढी.
घाई केली तर आवाजाचा डाग राहतो.
सव्वीस टेपा. मी घाई केली नाही.

फोनवरचा म्हणाला, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.
शनिवारी सकाळी टीव्ही लावला तर बोलिंग.
शेवटी काय होतं?
जपानी प्रत मिळालीय मला, तिच्यात तो मरतो.

सांगितलं मी. कागदावर होतं ते नाही,
लॉरेन म्हणाली ते.
माझ्या म्हाताऱ्या, मिरजेच्या आवाजात
ते झिंकोचं नव्हतं, लॉरेनचंही नव्हतं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
लॉरेन ब्याण्णव साली गेली.
ती काही म्हणाली का, मला कळलं नाही,
मी तेव्हा पिट्सबर्गला होतो.

बोलिंगची ती टेप मात्र आहे,
वाचनालयात, डब्यावर माझं अक्षर.
मागच्या आठवड्यात जाऊन ऐकली, हेडफोन घालून.
चेंडू घरंगळतो, पिना पडतात, लोक ओरडतात.
मधल्या शांततेत आवाज पूर्ण वाढवला.
खाली काही नाही.
मी काम चोख केलं होतं.