किमान एकशे बेचाळीस

पठाराचं नाव सांगणार नाही.
नाशिकहून पहाटेची त्र्यंबकची बस, पुढे जीप, पुढे पायवाट,
पायवाट संपते तिथे येसू बेंडकोळी
डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन उभी.
एवढा पत्ता पुरे.

भाद्रपद. कातळावर बोटभर माती.
आम्ही सुतळीने चौकोन आखतो, मीटर बाय मीटर,
आणि गुडघे टेकून मोजतो:
गवत, गवत, तेरडा, सोनकी,
शेळीच्या लेंड्या, गवत.
येसू बोट न लावता दाखवते.
"पाय बघा बाई, तुमचा."

पायाशी वीतभर काडी, चार पानं,
आणि टोकाला कंदील:
पाच पाकळ्या वर एकमेकींना धरून,
वारा लागू नये म्हणून कुणी वात झाकावी तशा.
त्याचं शास्त्रीय नाव मी येसूला दोनदा सांगितलं.
ती खरपुडी म्हणते. याला, त्याच्या भावंडांनाही.

चिलटाएवढी माशी नळीत उतरते.
आतले केस खाली वळलेले,
जायला वाट, यायला नाही.
रात्रभर कोठडी.
मग केस सुकतात, माशी सुटते
तोंडाला पिवळं टपाल चिकटवून,
आणि शिरते थेट शेजारच्या कंदिलात.
"शहाणी नाही झाली," येसू म्हणते.
माझं हे अकरावं वर्ष. मी काही बोलत नाही.

रात्री, तिच्या ओसरीवर, सोलरच्या दिव्याखाली
तक्ता भरायला घेते.
प्रौढ झाडं: एकशे बेचाळीस.
व्याप्ती: चार चौरस किलोमीटर, तीही ओढूनताणून.
धोके: चराई. वणवा.
रविवारच्या गाड्या, फोटोसाठी तुडवलेली कड.
कागदावर आखलेला एक रस्ता.
धोके, पुढे चालू: कंद खणून खाणे.

इथे पेन थांबतं.

दुपारी भाकर सोडताना येसू म्हणाली होती,
गोष्टीसारखं नाही, हिशेबासारखं:
"मी पोटात होते त्या साली
घरात नागलीचा दाणा नव्हता.
आईनं हेच कंद काढले, सुपारीएवढे,
माती पुसून, कच्चेच.
जागेवर एक सोडायची. दर जागेवर एक."
मग मी रकान्यात काय लिहू?
येसूची आई?
की येसू?

"आणि निजलेले धरले का?" तिने विचारलं होतं.
कोणते निजलेले?
"काही कंद एखादं वरीस वर येतच नाहीत.
खाली पडून राहतात, जीव असून.
पुढच्या साली बघा, नाही तर त्याच्या पुढच्या."
तक्ता मी पुन्हा वरून खाली वाचला.
निजलेल्यांना रकाना नाही.

आता अक्षांश, रेखांश.
यंत्राने सहा दशांशांपर्यंत दिलेत,
म्हणजे फुलाच्या देठापर्यंत.
मागे एका फुलाचा असाच पत्ता छापला होता,
माझ्याच हाताने.
पुढच्या पावसाळ्यात तिथे खड्डे होते,
नीटस, एका ओळीत, खुरप्याचे.
एकाही जागेवर एक सोडलेलं नव्हतं.

मी दशांशानंतरचं सगळं खोडते.
आता हे फूल अख्ख्या तालुक्यात
कुठेही असू शकतं.

श्रेणी: अतिसंकटग्रस्त.
शब्द लिहून झाल्यावर पाहिला,
काडीहून लांब होता.
आकड्याच्या आधी पेन्सिलने घातलं: किमान.
साहेब विचारतील, किमान म्हणजे किती?
तेव्हाचं तेव्हा.

सकाळी धुकं इतकं
की पुढची येसू म्हणजे नुसती गोणी.
ती चालते, थांबते, उगीचच वळसा घेते
मोकळ्या दिसणाऱ्या मातीला.
मी विचारत नाही.
तिने जिथून पाऊल उचललं
तिथेच माझं ठेवते.