दुसरी रेघ

पुंता आरेनासला वारा दार वाजवत नाही,
सरळ आत येतो.
चौकाचौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि या हिवाळ्यात त्या दोरांनाही
हात लावू नका म्हणतात.

मी यादरांका. रात्रपाळी, प्रयोगशाळा.
लोकांच्या नाकात काडी घालणं हे माझं काम.
चार महिने आम्ही प्रत्येक नाकाला
एकच प्रश्न विचारत आलो:
तो आहे, की नाही?
आहे म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे.
चोर सापडला, वही मिटली.
होकारवाले सगळे एका खोलीत, खाटेला खाट लावून.
आता एकमेकांना देण्यासारखं
यांच्याकडे उरलंय काय,
असा आमचा हिशोब.

अकराव्या खाटेवर एलिओदोरो मान्सिया.
जन्मभर मेंढ्या कातरल्या,
दिवसाला एकशे साठ, जोर आला तर दोनशे.
बोटं झोपेतही उघडमीट करायची.
बाराव्यावर रेमिहियो बार्रिया,
सामुद्रधुनीत खेकड्यांचे सापळे टाकणारा.
दोघांचं पटत नव्हतं.
रेमिहियोला खिडकी उघडी हवी,
दुसऱ्याला बंद, तीही वर टॉवेल कोंबून.

मंगळवारपर्यंत दोघे सुधारत होते.
एलिओदोरोने तर पाव मागितला, लोणी लावून.
गुरुवारी तो घसरला.
उतरलेला ताप परत चढला,
छातीत कुणी ओली वाळू ओढत न्यावी तसा आवाज.
डॉक्टर ओयार्सून म्हणाल्या, हा आजार असाच,
माणसाला चढवतो आणि खालून शिडी काढून घेतो.
रात्री रेमिहियोही खोकू लागला.

फ्रिजच्या तळाशी एक जुना किट पडून होता,
एका थेंबात अठरा विषाणू शोधणारा,
मुदत संपायला नऊ दिवस.
मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लावला.

पडद्यावर पहिली रेघ उठली,
ओळखीची, घरच्यासारखी, हक्काने उंच.
मी किटलीकडे वळणार
तेवढ्यात खालून दुसरी,
अंधारात भिंत चाचपत यावं तशी.
ऱ्हायनोव्हायरस.
म्हणजे साधी सर्दी हो.
शाळकरी पोरांच्या बाहीवर वाळते ती.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
या जुन्या छातीत राहिल्या होत्या,
रात्रभर पात्याला पातं घासत.

बाराव्या खाटेच्या थेंबातही तीच.

तेव्हा मला माझं नाक आठवलं.
आठवडाभर मास्कच्या आत गळत होतं.
माझी तपासणी झाली होती. निकाल: नाही.
आणि नाही म्हणजे निरोगी,
हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.
सोमवारी त्या दोघांच्या तोंडावर वाकून
मीच काडी फिरवली होती.
एलिओदोरो शिंकला, आणि वर मलाच
माफ कर पोरी म्हणाला.

पाचचा सुमार. पट्टीत एक खाच रिकामी.
मी माझाच थेंब घातला
आणि पत्र्यावरचा वारा ऐकत बसले.

रेघ आली.

ओयार्सूनबाई म्हणाल्या,
यानं काही सिद्ध होत नाही.
तुलाच वॉर्डातून आली असेल.
सर्दीनं कुणी मरत नाही.
मग हातमोजा काढता काढता म्हणाल्या: बहुधा.

एलिओदोरो शनिवारी गेला.
आमच्या तक्त्यात कारणाला एकच रकाना.
मी पहिलं नाव लिहिलं, शाईने.
दुसरं समासात, पेन्सिलीने,
उजेडात धरल्याशिवाय दिसू नये इतकं फिकट.

दुसऱ्या दिवसापासून
खोली नव्याने वाटली: कुणाला एक, कुणाला दोन.
दाराशी जास्तीचे झगे अडकवले.
मला दहा दिवस घरी बसवलं.

परतले तेव्हा रेमिहियो उठून बसलेला,
मांडीवर सुपाची वाटी.
शेजारची खाट अजून रिकामी,
खिडकी सताड उघडी, त्याच्या मर्जीची.
त्याने मला ओळखलं की नाही, कोण जाणे.
म्हणाला,
लाव गं ती.
टॉवेल पण कोंब.