साडेनऊनंतर

माझा पास साडेनऊनंतर चालतो.
नऊ वीसच्या बसला तीन पौंड पडतात
आणि कंडक्टरच्या मुलीनं दहा मिनिटांसाठी
तीन पौंड मोजावेत, हे काही पटत नाही.
म्हणून ती मी समोरून जाऊ देते,
लँकॅस्टरच्या बस स्टेशनात खांबाला टेकून.
गळ्यात दुर्बीण, पिशवीत थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्या
आणि दोन वेळापत्रकं,
एक एकोणनव्वद नंबरचं, एक समुद्राचं.
दोघांचं आपसात कधी पटल्याचं ऐकिवात नाही.

आज भरती अकरा पन्नासला.
त्याआधी अर्धा तास
नॉट एंडला वाळूची एकच चिंधी उरते
आणि तिच्यावर सगळे दाटीवाटीनं,
कालवफोडे, तुतवार, कोरल,
लाल चोची, वाकड्या चोची,
एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून.
घरी पाहुणे आले की एकाच सतरंजीवर
निजवलेली भावंडं जशी,
एक कूस बदलतो, मग शेवटच्यापर्यंत सगळे.
तेवढी वीसेक मिनिटं.
मग पाणी सतरंजीच ओढून घेतं.

दहा वीसची बस. काचेवर बाष्प.
बाहीनं पुसून मी तळहाताएवढं बाहेर मिळवते.
कॉकरहॅमच्या पुढे ट्रॅक्टर आडवा आला,
सलगम भरलेला, कसलीही घाई नसलेला.
बाबा असते तर खाली उतरून
त्याच्या कुळाचा उद्धार केला असता.
गुहागर-चिपळूण, सत्तावीस वर्षं.
गाडीला उशीर झाला त्या दिवशी
ते घरी कुणाशी बोलायचे नाहीत.

पिलिंग सोडल्यावर डॅरननं बस थांबवली.
स्टॉप नव्हता.
इंजिन बंद केलं, आरशातून मला म्हणाला,
तुझ्या बाजूला बघ.

कापलेल्या शेतात, खुंटांमधून,
गुलाबी पायांचे कलहंस.
पाय चिखलात, त्यामुळे गुलाबी विश्वासावर घ्यायचं.
आणि वरून आणखी येत होते,
उतरता उतरता हवेत आडवे, उलटे होत,
पंखातला वारा सांडून टाकत,
माणूस जिन्यावर घसरावा तसे
आणि खाली टेकताना मात्र एकदम सभ्य.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत
गोळ्या मोजल्या मी, पाच पाच सरकवत.
तसंच सुरू केलं, पाच, दहा,
तीनशेच्या पुढे गोळ्या चालू लागल्या.

मागून मिसेस हेस्केथ: बंद पडली का?
नाही, म्हटलं.
मग?
हंस.
हं, त्या म्हणाल्या, माझे डोळे तपासायचेत बाराला.

डॅरननं किल्ली फिरवली.
डोक्यावर दोरी नव्हती,
तरी माझा हात वर गेला होता,
दोनदा ओढायला.

नॉट एंड, अकरा चव्वेचाळीस.
वाळू नाही. तपकिरी पाणी
धक्क्याच्या उतारावर अर्ध्यापर्यंत चढलेलं.
एका खांबावर एक कुरव, तोही पाठमोरा.
बाकीचे सगळे कुठल्याशा दुसऱ्या काठावर,
जिथे माझी बस जात नाही.
बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. त्या वातड झाल्या होत्या.

बहिणीचा फोन आला.
हंस दिसले म्हटल्यावर म्हणाली,
हेच ना गं, आपल्याकडे हिवाळ्यात येतात ते?
नाही, हे आइसलँडचे.
आपल्याकडे नाही येत.
इथवरच येतात.
ती जरा गप्प झाली.
मग पुऱ्या कशा झाल्या विचारलं.

परतीच्या बसवरही डॅरनच.
किती भरले, म्हणाला.
चारशे पस्तीस.
सातशे तरी असतील, म्हणाला, सहज.
तू आरशातून मोजलेस, म्हटलं,
आणि तो हसला, पण मागे हटला नाही.

वहीत तारीख घातली. पिलिंग, बसमधून.
कलहंस, चारशे पस्तीस.
कॉकरहॅम येईपर्यंत पाहत बसले त्या आकड्याकडे,
मग खाली, पेन्सिलनं,
डॅरनचे सातशे.