विरजण

पंपावर कुणाला कळलं नाही.
पेट्रोलचा वास सगळ्या वासांचा मालक,
त्याच्या आडोशाला माझा लपून राहिला
होळीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत.

घरी तसं नव्हतं.
नवरा उशी उचलून कूलरपाशी गेला,
म्हणाला, इकडे हवा बरी लागते.

मग मी धुतलं.
झाकणभर जंतुनाशक ओतून धुतलं, अंगाच्या साबणानं,
तुरटीनं, कडुलिंबाच्या काढ्यानं,
बर्डीच्या फुटपाथवरचा बाटलीतला गुलाबही
संपवला.
मंगळवारी बाजारात मासळीवालीपुढून जाताना वाटायचं,
तीच नाक दाबेल.

बाहेर सेहेचाळीस डिग्री. अंगात पॉलिस्टरचा युनिफॉर्म,
आत सेलमधलं नायलॉन, दिवसभर ओलं.
बाथरूमची किल्ली मॅनेजरच्या खिशात.

एकदा नोझल लावता लावता
पुष्पलता समोर बघूनच बोलली,
"काहून अशी आखडून फिरते वं?
डागात जा. मले बी झालं होतं."
आणि त्याच दमात गाडीवाल्याला,
"झीरो बघा, सर."

डागा दवाखान्यात कोहळे मॅडम.
मी म्हणाले, कंबर दुखते.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"वास येतो का? पाणी पातळ, राखाडी? किती दिवस?"
जसं ऑटोवाला विचारतो,
कुठं सोडू.

तपासून झाल्यावर, लिहिता लिहिता,
"घरी दही लावता ना?
आतही एक विरजण असतं, चांगल्या जंतूंचं.
तुम्ही रोज साबणानं भांडं खरवडता
आणि म्हणता, नासलं कसं."
मी विचारलं, मग दही लावू तिथं?
मॅडम पेन ठेवून हसल्या.
"नका हो बाई, उदाहरण दिलं!"

सात दिवस गोळ्या, दोन वेळा,
जिभेवर जुन्या नाण्याची चव.
आत काही घालायचं नाही, गुलाब तर नाहीच.
बाहेरून साधं पाणी, सुती कपडा, कोरडा.
ताप आला, ओटीपोट दुखलं, तर त्याच दिवशी यायचं.
पुन्हा झालं, तर पुन्हा यायचं.
"कंबर घेऊन नका येऊ," त्या म्हणाल्या.

आता माझ्या सुती चड्ड्या गच्चीवर वाळतात,
परकराखाली नाही, दोरीवर, सरळ उन्हात.
किल्लीसाठी पुष्पलता आणि मी
सोमवारी मॅनेजरला गाठणार आहोत.

काल रात्री नवरा उशी घेऊन परत आला.
मी म्हटलं, राहू द्या,
तिकडेच हवा बरी लागते.