नऊ मिनिटं

तुमच्या यादीत चार ठिकाणं आहेत, बाई.
पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक झालं.
कारंजं आज बंद होतं, तिकीट चालू होतं,
तुम्ही फोटो काढलेत, मी रिक्षा सावलीत घेतली.

तांबट लेनमधला तबल्याचा क्लास हाच.
जिना तोच, दोरी धरून चढायचा,
वर आता कुरिअरचं ऑफिस.
खाली घागरीवर हातोडे अजून पडतात.
क्षेमकल्याणी सर म्हणायचे,
आधी ह्यांचा त्रास होऊ दे, मग तो मात्रेत बसेल.
सहा महिन्यांत मला तीनताल आला नाही,
त्रास मात्र मात्रेत बसला.
द्वारका सर्कलला अडकलो की कळतं.

उरली दोन टॉकीज,
इंद्रभुवन आणि शारदा.
तुम्ही ती वेगवेगळ्या ओळींवर लिहिलीत.
वेगवेगळी नव्हती ती.
मधे माझा बाप होता.

मुंबईहून पेटी एकच यायची,
गल्ला दोन्ही मालकांना हवा.
अलीकडे इंद्रभुवनात सहाचा खेळ,
नदीपलीकडे शारदात साडेसहाचा.
रीळ उतरलं की डब्यात, डबा कॅरिअरवर,
आणि रंगनाथ गांगुर्डे पायडलवर.
रविवार कारंजा, उतार, होळकर पूल,
मालेगाव स्टँडचा चढ,
नऊ मिनिटं.
पावसात अकरा.

त्यानं एकही पिक्चर सलग पाहिला नाही.
अलीकडे मेलेला नायक
पलीकडे अजून नोकरी शोधत असायचा.
पुलावर हे एकट्या त्यालाच माहीत,
आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही.
फार तर गोदेत थुंकायचा, म्हणायचा,
बिचारा.

एका रात्री पुलावर चेन तुटली.
डब्याचं झाकण उडालं,
सातवं रीळ घाटाच्या पायऱ्या उतरत गेलं
काळ्या धामणीसारखं.
बापानं सदरा काढला, पुसत पुसत गुंडाळलं,
वार वार, पायरी पायरी.

तिकडे शारदात पडदा नुसता पांढरा.
शिट्ट्या झाल्या, खुर्च्या वाजल्या,
मालकाच्या आईचा उद्धार झाला.
मग बायकांच्या बाकांवरून कुणीतरी सुरू केलं
जात्यावरचं, भावाला निरोप धाडतानाचं.
आवाज काही गोड नव्हता.
घासलेला होता, उन्हात काम करणाऱ्या बाईचा.
आधी कुणी हसलं,
मग हसणाऱ्याला कुणी गप्प केलं,
मग पंखेसुद्धा जास्त वाजायला लागले म्हणून
डोअरकीपरनं बंद केले.

बाप दारात पोचला तेव्हा उघडा,
गळ्यात रीळ, गुडघा फुटलेला.
म्हणाला, आणलं!
चारशे माणसं वळून म्हणाली, श्शू.

तो तिथंच उभा राहिला, पडद्याला टेकून.
ऑपरेटरही वरून खाली वाकलेला.
जन्मात पहिल्यांदा बापाला
एक गोष्ट शेवटापर्यंत ऐकायला मिळाली.

नाही, ती माझी आई नव्हे.
सगळे हेच विचारतात.
आई तेव्हा ओझरला द्राक्षं खुडत होती
आणि तिला गाण्याचा कान बिलकूल नाही.
ती बाई कोण, कुठली, कुणास ठाऊक.
खेळ सुटल्यावर चपलांच्या गर्दीत गेली.
सातव्या रिळावर पायऱ्यांचे ओरखडे राहिले,
पुढच्या गावाला वाटलं असेल, पडद्यात पाऊस आहे.

हे शारदा. म्हणजे हे पार्किंग.
दोन तासांचे वीस.
तुम्ही उतरलात, फोन वर धरलात,
परत खाली घेतलात.
मलाही कळत नाही इथं कशाचा काढायचा.
ती स्कूटी उभी आहे ना, साधारण तिथं
बायकांचे बाक होते. साधारण.

आज इंद्रभुवनापासून इथं यायला
सिग्नल धरून बावीस मिनिटं लागली,
मीटरवर बघा.
बापाला सांगणार नाही मी.

तो घरीच असतो आता, टीव्हीसमोर.
ऐकू कमी येतं, मालिका कुठलीही चालते.
फक्त जाहिरात लागली
की उठतो,
आणि अंधारात पायानं चपला शोधतो.